काटा वेगळा, आकडा वेगळा: गल्लीतल्या गाड्यांच्या मीटरच्या नोंदी, सातारा

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून तीन गाड्यांची मीटरं तपासायला घेतलीत. मामांची जुनी १०० सीसी, केबलवालं मीटर, वर स्पीडचा काटा आणि खाली किलोमीटरचे फिरणारे आकडे. माझी १२५, डिजिटल. आणि दाजींची हॅचबॅक, तिचं बाकी सगळं कंपनीचंच आहे पण टायर मागच्या वर्षी बदललेत, १४५/८० आर १३ होते ते काढून एक माप मोठे, १५५/८० आर १३ टाकलेत, जरा भारी दिसते म्हणून.

हे कशासाठी, तर ॲव्हरेजवरून लोकं उगाच पैसे घालतात. पूर्वी ५५ देत होती आता ५२ देते असं म्हणत माणूस गॅरेजला जातो, कार्बोरेटर साफ करून घेतो, फिल्टर नवा, प्लग नवा, मग कुणीतरी सांगतं पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि इंजिन खोलायची वेळ येते, आणि ह्या सगळ्यात किलोमीटर तरी बरोबर मोजले जातायत का हे कुणी विचारतच नाही. ॲव्हरेज म्हणजे साधा भागाकार आहे, वर किलोमीटर खाली लिटर, दोन्ही आकडे कुठल्यातरी यंत्रानं दिलेले. आधी ती यंत्रं तपासू मग इंजिनला हात लावू. ज्यांचं महिन्याचं पेट्रोल मोजून मापून असतं त्यांनाच हा भुर्दंड बसतो म्हणून मला हे मनापासून करायचंय.

सामान: टेप, खडू, स्टॉपवॉच, फोनचं जीपीएस आणि हायवेचे किलोमीटरचे दगड. मामेबहीण अकरावी सायन्सला आहे, मागं बसून वेळ घ्यायचं आणि वही लिहायचं काम तिचं. चालवणाऱ्यानं फोनकडं बघायचं नाही, हेल्मेट दोघांनाही.

मामांची टाकी आज फुल केली, आकडा लिहून ठेवला.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी लवकर निघालो, लिंब फाट्याच्या पुढून भुईंजच्या अंगानं. शेंद्र्याच्या खालचा कराडकडचा रस्ता मुद्दाम टाळला, तिकडं सहापदरीचं काम चाललंय, दगडांचा भरवसा नाही. एकच किलोमीटर मोजून उपयोग नसतो कारण रस्ता रुंद करताना एखादा दगड इकडंतिकडं बसवलेला असू शकतो, म्हणून सलग १० किलोमीटर धरायचे, जाताना आणि येताना दोन्हीकडून, म्हणजे एखाद्या दगडाचा फरक पोटात जातो आणि चढ-वाऱ्याचाही.

हिशोब सोपा आहे, ३६०० ला एका किलोमीटरच्या सेकंदांनी भागायचं. ६० सेकंद लागले तर खरा स्पीड ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. काटा ६० वर स्थिर धरायचा, ब्रेक लागला की ती फेरी बाद. भुईंजजवळ कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या होत्या त्यामुळं काही फेऱ्या बाद झाल्याच.

मामांची गाडी: काटा ६०, १० किलोमीटरला ११ मिनिटं १० सेकंद. म्हणजे खरा स्पीड ५३.७. आणि आकड्यांचं मीटर काय म्हणतंय तर १०.४ किलोमीटर.

माझी १२५: स्क्रीनवर ६०, लागले १० मिनिटं ५० सेकंद, खरा स्पीड ५५.४. पण ट्रिप मीटर १०.१.

बहिणीनं वहीत दोन्ही ओळी खाली खाली लिहिल्या आणि तिथंच तिला दिसलं. म्हणली, "दादा, तुझ्या गाडीचा स्पीड आठ टक्के जास्त दाखवतो पण अंतर एकच टक्का जास्त, हे कसं काय? एकाच चाकावरनं घेतं ना दोन्ही?"

घेतं एकाच चाकावरनं. पण अंतर म्हणजे नुसती पल्सची (चाक फिरताना सेन्सर देतो त्या ठोक्यांची) मोजणी आहे, सेन्सरनं इतक्या पल्स दिल्या की इतके मीटर, विषय संपला. स्पीड दाखवताना मात्र कंपनी वर थोडा चढवून दाखवते, मुद्दामच, कारण खऱ्यापेक्षा कमी स्पीड मीटरनं कधीच दाखवायचा नाही असा नियम. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक ३९ आहे, त्यात सरळ लिहिलंय की दाखवलेला स्पीड खऱ्यापेक्षा कमी नको आणि जास्त असला तर खऱ्याच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इथपर्यंतच. म्हणजे खरा ६० असेल तर मीटर ६० ते ७० मध्ये काहीही दाखवू शकतं, ते नियमात बसतं. नवा टायर, झिजलेला टायर, हवा कमी-जास्त, ह्या सगळ्यात मीटर खाली जाऊ नये म्हणून कंपनी आधीच वर ठेवते. त्यामुळं "माझी गाडी ११० ला गेली" म्हणणाऱ्यांची बहुतेक १०० च्या आसपास असते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर अंगणात चाकाचा घेर मोजला. मीटर चाकाचे फेरेच मोजतं, म्हणून एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते ते बघायचं. पुस्तकी गणित वेगळं आणि माणूस बसल्यावर टायर दबतो ते वेगळं, म्हणून मामांना गाडीवर बसवलं, पुढच्या टायरला आणि फरशीला खडूची खूण केली आणि चाकाचे पाच पूर्ण फेरे होईपर्यंत गाडी ढकलली. एका फेऱ्यात टेपची चूक मोठी पडते, पाचात वाटली जाते.

पुढचा टायर २.७५-१८, बराच झिजलेला. पाच फेरे ९.२१ मीटर, म्हणजे एक फेरा १.८४२.

पुढचाच का, तर ह्या गाडीत मीटरची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून येते. मागचा टायर कसाही असला तरी मीटरला कळत नाही. हे प्रत्येकानं आपापल्या गाडीचं बघून घ्यावं, काहींत पुढून असतं, काहींत गिअरबॉक्समधून.

१९ जानेवारी, रविवार

मामांची टाकी परत फुल, तोच पंप, तेच मशीन, तीच बाजू, गाडी सरळ मेन स्टँडवर. साइड स्टँडवर भरली तर टाकीत हवा अडकते आणि पाव लिटरचा फरक सहज पडतो.

मीटरप्रमाणं ३१० किलोमीटर, पेट्रोल ४.८ लिटर. मामांच्या हिशोबानं ६४.६ चं ॲव्हरेज. पण मीटर १० चे १०.४ करतंय, तर खरे किलोमीटर २९८, खरं ॲव्हरेज ६२.१.

मामांना सांगितलं. "अरे पण मी पहिल्यापासून चौसष्ट-पासष्टच सांगतोय सगळ्यांना." त्यांना ते फारसं पटलं नाही, राहू दे म्हणलं, आकडे वहीत आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

पुढचा टायर बदलला. २.७५ दुकानात नव्हता, टायरवाल्यानं ८०/१००-१८ बसवला, ह्या रिमवर बसतो आणि आता बऱ्याच गाड्यांना तोच येतो. कागदावर मोजलं तर २.७५-१८ चा घेर साधारण १.८८ मीटर आणि ८०/१००-१८ चा १.९४, म्हणजे सव्वातीन-साडेतीन टक्के मोठा. त्यात जुना झिजलेला होता.

रात्री अंगणात परत खडू. मामा बसले, पाच फेरे ९.५८ मीटर, एक फेरा १.९१६. जुन्यापेक्षा बरोबर चार टक्के जास्त. वहीत आजच लिहून ठेवलं, की दहा किलोमीटरच्या दगडाला आता मीटर १०.० दाखवणार आणि मामा म्हणणार ॲव्हरेज पडलं.

२ फेब्रुवारी, रविवार

तोच रस्ता, तेच दगड. काटा ६० वर, १० किलोमीटरला १० मिनिटं ४४ सेकंद, खरा स्पीड ५५.९. आकड्यांचं मीटर १०.०.

म्हणजे टायरनं अंतर दुरुस्त झालं, पण काटा अजूनही ४ किलोमीटर वर आहे. सगळ्या कामातली ही माझ्या मते मुख्य नोंद आहे. एकाच डब्यात, एकाच केबलवर, एक भाग पूर्ण बरोबर आणि दुसरा सात टक्के चुकीचा. लोकं काय करतात तर काटा जास्त दाखवतो असं जीपीएसवर दिसलं की "म्हणजे किलोमीटर पण जास्त पडत असणार, गाडी कमी चालली असणार" असा अर्थ काढतात, तो निघत नाही. काट्याची चूक काट्याची, आकड्याची आकड्याची. दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

९ फेब्रुवारी, रविवार

मामांचा फोन सकाळीच. "टायर टाकल्यापासनं गाडी पेट्रोल प्यायला लागलीय. एकसष्टवर आली. आज मेस्त्रीकडं लावतो, तो म्हणतोय रिंगा बघाव्या लागतील."

म्हणलं मामा, आजचा दिवस थांबा, आधी पंपावर जाऊ.

टाकी फुल, ४.८ लिटर, मीटर २९७. भागाकार ६१.९. टायर बदलायच्या आधीचं खरं ॲव्हरेज ६२.१ होतं. फरक काहीच नाही, दोन-तीन पॉइंट पुढंमागं तर पेट्रोलच्या तापमानानंही होतात, दहा डिग्री फरकाला पेट्रोलचं माप जवळजवळ एक टक्का बदलतं, जानेवारीतली थंडी आणि आजचं ऊन धरलं तर तेवढं चालायचंच.

मामांना पंपाचीही शंका होती, तीही काढून टाकली. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्यानं तपासलेलं ५ लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं. मागितलं, पंपावरच्या पोरानं लगेच काढलं, ५ लिटर सोडलं, पातळी खुणेजवळच होती. चालणारा फरक ५ लिटरला २५ मिली, त्याच्या बराच आत. हे माप मागायला लोकं लाजतात, लाजायचं काय त्यात, तो आपला हक्क आहे आणि पंपवाल्याच्याही भल्याचंच आहे.

मग घरी वही पुढं ठेवली, टायरच्या आधीचं पान आणि नंतरचं पान. २३ तारखेला लिहिलेली ओळ वाचून दाखवली. मामा बराच वेळ बघत बसले, मग म्हणले, "म्हणजे गाडी तेवढंच पीत होती, मीटर मला दहा मैलामागं अर्धा मैल फुकट देत होतं." जवळजवळ तेवढंच. रिंगांचं काम रद्द. मेस्त्रीला फोन करून मामांनी स्वतःच सांगितलं. त्या कामाला किती हजार लागले असते ते धरलं तर हा टेप आणि खडू वसूल झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काट्याचं काय करायचं म्हणून मीटर काढून पोवई नाक्याकडं एक मीटर दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडं नेलं. आता हे काम करणारे फार राहिले नाहीत, सगळे नवीनच बसवा म्हणतात. काकांनी कडेची रिंग हळूहळू उचकून डबा उघडला आणि समजावून सांगितलं, ते जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

केबलच्या टोकाला चुंबक फिरतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमची छोटी वाटी, काट्याच्या दांड्याला लावलेली. वाटी आणि चुंबक एकमेकांना कुठंच टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत एडी करंट (गोल फिरणारी वीज) तयार होतो आणि वाटी त्याच्या मागं ओढली जाते, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते, दोघांची ओढाताण जिथं थांबते तिथं काटा. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेनं १९०२ साली ह्याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षं जगभर हेच चाललं. स्प्रिंग सैल पडली की काटा जास्त दाखवतो, चुंबक कमजोर झाला की कमी.

आकड्यांचं तसं नाही. त्याच चुंबकाच्या दांड्यावर वर्म (स्क्रूसारखे आटे) आहे, तो दात्यांवर दाते फिरवत आकड्यांच्या चाकांपर्यंत जातो. दात्याला सैल-घट्ट काही नसतं, फेरे झाले तेवढे मोजले. त्यात चूक येते ती चाकाच्या घेरानंच. २ तारखेला रस्त्यावर जे दिसलं त्याचं कारण इथं टेबलावर उघडं पडलं होतं, मला तर फार बरं वाटलं.

काकांकडं ड्रिल मशीनला केबल जोडायची सोय आहे आणि फेरे मोजायचा टॅकोमीटर. म्हणले जपानी पद्धतीच्या ह्या मीटरांत मिनिटाला १४०० फेऱ्यांना ६० दाखवलं पाहिजे. ड्रिल १४०० वर आणलं, काटा ६४ च्या जरा पुढं. मी लगेच वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितलं, रस्त्यावर ५५.९ ला ६०, तर ६० ला ६४.४ यायला पाहिजे. अगदी जुळलं.

स्प्रिंगचं टोक चिमट्यानं कणभर सरकवून काकांनी ते ६२ वर आणलं. मी म्हणलं काका बरोबर ६० वरच करा की. "नको. उद्या टायरची हवा वाढली, कुणी अजून मोठा टायर टाकला, तर काटा कमी दाखवायला लागंल. पोरगं पन्नास समजून पंचावन्ननं जाईल. वर असू दे." ऐकलं त्यांचं, बरोबरच आहे.

केबलचंही सांगितलं. काटा थरथरत होता तो कोरड्या केबलमुळं. ग्रीस लावायचं पण वरचा चार बोटं भाग कोरडा सोडायचा, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं, वाटी आणि चुंबकाच्या मध्ये बसतं आणि मग काटा वाट्टेल ते दाखवतो. पुष्कळ मीटरं अशीच खराब होतात म्हणले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दाजींची गाडी. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवतो तो) स्टिअरिंगखाली लावला, फोन बहिणीच्या हातात.

मीटर ८०, ओबीडीवर ७६, जीपीएसवर ७८. तीन ठिकाणी तीन आकडे बघून दाजी म्हणले ह्यातलं खरं कुठलं. खरं ७८, पण बाकीचे दोन असे का आहेत ते कळल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलं. ओबीडीला इंजिनचा कॉम्प्युटर देतो तो स्पीड, त्याच्यात वरचा चढवलेला भाग नसतो, पण त्याला वाटतंय गाडीला जुनेच १४५ चे टायर आहेत. जुन्याचा घेर १७६६ मिलीमीटर, नव्याचा १८१६, म्हणजे २.८ टक्के मोठा. ७६ ला २.८ टक्के वाढवा, ७८ येतात. आणि मीटर त्याच ७६ वर स्वतःचे ४ चढवून ८० दाखवतं.

त्यामुळं कंपनीनं ठेवलेल्या ४ किलोमीटरच्या सवडीतली निम्मी टायरनंच खाल्ली. अजून एक माप मोठा टाकला असता तर मीटर खऱ्याच्या खाली गेलं असतं, आणि हायवेवर स्पीड गन मीटर बघत नाही, गाडी बघते. मोठे टायर टाकणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

अंतर: दगडानं २० किलोमीटर, ट्रिप मीटर १९.५. मामांच्या उलट. ह्या गाडीचं ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

यवतेश्वर घाटानं कासला. फुलं नाहीत ह्या दिवसांत, रस्ता मोकळा मिळतो. जीपीएसवर लोकांचा आंधळा विश्वास असतो म्हणून ते तपासायचं होतं. सरळ रस्त्यावर एकसारख्या स्पीडला जीपीएस फार चांगलं, दगडांशी जुळतं. घाटात नाही. ॲप ठराविक वेळानं ठिपके घेतं आणि ठिपके सरळ रेषेनं जोडतं, वळण कापलं जातं, वर चढाची तिरकी लांबी कमी धरली जाते. मामांच्या गाडीचं मीटर आता दगडाला बरोबर आहे, त्याच्यापेक्षा ॲपनं कासपर्यंत जवळजवळ अर्धा किलोमीटर कमी दाखवला. स्पीडही गाडी वेग घेताना मागं पडून येतो, आणि खंबाटकीच्या बोगद्यात तर सिग्नलच जातो. ॲव्हरेज काढायला घाटातला जीपीएसचा आकडा वापरायचा नाही.

२ मार्च, रविवार

दाजींची टाकी फुल ते फुल. मीटर ४१२, पेट्रोल २२.६ लिटर, भागाकार १८.२. टायरची दुरुस्ती धरून खरे किलोमीटर ४२४, ॲव्हरेज १८.७. डॅशबोर्ड १९.१ दाखवत होता. डॅशबोर्ड पेट्रोल मोजतच नाही, इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज करतो. किलोमीटर कमी धरूनही आकडा जास्त, म्हणजे पेट्रोलचा अंदाज साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी येतोय. दाजींनी ह्याच १९.१ वर ऑफिसातल्या दोघांशी गाडीखर्चाची वाटणी ठरवली होती, ती आता पंपाच्या बिलावर करणार.

तिन्ही गाड्यांत कागद चिकटवला, मामांच्या आणि माझ्या सीटखाली, दाजींच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये. मामांच्या कागदावर: केबल पुढून, टायर ८०/१००-१८, घेर १.९१६, किलोमीटर बरोबर, काटा ६० ला खरे ५८. माझ्या: १०० ला ९९ धरा, ६० ला खरे ५५. दाजींच्या: १०० ला १०३ धरा, ८० ला खरे ७८. खाली तारीख. टायर झिजला की घेर परत मोजायचा, कारचा नवा टायर आठ-एक मिलीमीटर खोल असतो आणि १.६ ला काढायचा असतो, तेवढ्यात दोन टक्के फरक पडतो.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काकू विचारत होत्या त्यांच्या टेम्पोचं पण बघाल का, रोज मार्केट यार्डाला जातो आणि डिझेल पुरत नाही. त्याची केबल गिअरबॉक्समधून आहे आणि मागचे दोन टायर वेगवेगळ्या मापाचे दिसतायत. पुढच्या रविवारी सकाळी टेप घेऊन जातोय, बहिणीची परीक्षा आहे त्यामुळं वही मामा धरणार.